एका पानासाठी थांबलेली पंगत

एकोडी, ता. २३ ऑगस्ट १९७१

जागेश्वर, बाईचा, तुह्या मोठ्या बहिणीचा, आशीर्वाद घे आन हे चिठ्ठी होस्टेलात कोणासमोर वाचू नको.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहाडीवरून श्यामरावचा मामा आला. मायले वाटलं दिवाळीनंतरची लगनाची तारीख घेऊन आला. तिनं चहा ठेवला. त्यानं चहा पेला, कप खाली ठेवला आन म्हणे, साक्षगंध मोडलं समजा. बाबानं विचारलं, काहून गा? त म्हणे पोरीच्या डाव्या दंडावर कोड हाय. ओसरीवर सात-आठ माणसं बसली होती. बाबाचं तोंड पांढरं पडलं. माय म्हणे, आतमंधी बाया पाठवा, पाहून घ्या. त तो म्हणे, आमाले पाहाची गरज नाही. साक्षगंधाचं लुगडं परत मांगितलं. मीच घडी करून आणून दिलं. आपण दिलेली आंगठी मात्र त्यायनं आणलीच नाही.

माहे दंड तू लहानपणापासून पायले. एक तीळ असन तर सांग. बाबा तेव्हापासून वावरात जातेत, येतेत, पण माह्यासंग बोलत नाही. जशी मीच काही लपवलं.

श्यामराव तुमसरच्या कॉलेजात गोलकीपर हाय न? आन तू भंडाऱ्याच्या टीमात. साक्षगंधात तुम्ही दोघं फुटबॉलच्याच गोष्टी करत बसले होते, लोक हासत होते. आता ऐक. मले देवाधर्माची समजूत नको घालू. तुह्या बुटानं त्याचा पाय मोड. एवढंच मांगते.

तुही बाई,
शकुन

•

भंडारा, ता. ३१ ऑगस्ट १९७१

बाई,

चिठ्ठी वाचली आन मेसमंधी ताट तसंच ठेवून उठलो. खरं काय ते मी काढलं. आमच्या टीमातला एक पोट्टा जवाहरनगरचा हाय, फॅक्टरीच्या बसनं कॉलेजात येते. तो म्हणे तिथल्या एका क्वार्टरात श्यामच्या लगनाची गोष्ट चालू हाय. पोरीचा बाप फॅक्टरीत हाय, जावयाले नोकरीले चिकटवून देतो म्हणते. आता आपल्याले सरळ कसं सांगतीन, का पैशाअडक्याचं घर सापडलं? म्हून तुह्या अंगावर कोड काढला. बाई, मले एवढा राग कधीच आला नव्हता. मामा बोलला असन, पण श्यामले सारं माहीत हाय. तो चुप हाय म्हणजे तोबी त्यातलाच.

सप्टेंबरच्या शेवटी तुमसरले मॅच हाय. मी सेंटर फॉरवर्ड खेळतो, म्हणजे गोलासमोर त्याच्या अंगावर जाचं कामच माहं हाय. तुह्या पायाची शपथ घेऊन सांगतो, तो उभा राहून घरी जाणार नाही.

तुहा,
जागेश्वर

•

भंडारा, ता. २८ सप्टेंबर १९७१

बाई,

मॅच आम्ही एका गोलानं हारलो. श्यामनं पाच-सहा बॉल अडवले. मोठा माज होता त्याले.

तुह्या कामाचं सांगतो. एक टाइम असा आला का तो बॉलवर पालथा पडला होता आन मी धावत वरून आलो होतो. माहा पाय उठलाबी होता. पण रेफ्री दोन हातावर उभा. मले बाहेर काढलं असतं त टीम दहावर आली असती. आमचे खेळाचे मास्तर भय्याजी बाहेरून ओरडत होते. म्हून मी त्याच्यावरून उडी मारली. तू राग मानू नको. सीझन अजून संपला नाही. पुढं फायनलले पुन्हा आमचीच गाठ पडणार.

जागेश्वर

•

एकोडी, ता. २९ ऑक्टोबर १९७१

जागेश्वर,

दिवाळीले तू आला आन दोन दिवसात पळाला. माह्यासमोर एकटा बसलाच नाही. रेफ्रीचं नाव कायले सांगतं? तुले दया आली, असं सरळ लिही न. साक्षगंधात त्यानं तुले साळेबुवा म्हणलं होतं, ते अजून कानात गोड लागून राहिलं असन.

दिवाळीनंतरच्या जत्रेचं, मंडईचं ऐक. आपल्या गावच्या मंडईले लाखनीचे पाहुणे आले होते, मले पाहाले. माय खुश होती. दुपारी दंडारीचं नाटक सुरू होतं, ते लोक तिथंच बसले आन तिथूनच निघून गेले. घरी आलेच नाही. मंग रुखमिणी काकूनं सांगतलं. श्यामरावच्या मायनं मोहाडीच्या बाजारात कासाराजवळ बांगड्या भरता भरता सांगतलं होतं का एकोडीच्या पोरीले कोड हाय, म्हून आमी सुटलो. कासार बाजार-बाजार फिरते. जिथं जिथं बांगड्या गेल्या, तिथं तिथं माहा कोड गेला.

आता बोडीच्या तळ्यावर पाणी भराले गेली त बाया माह्या हाताकडं पाहातेत. मी लांब बाह्याचं पोलकं घातलं त म्हणतेत झाकते. आखूड घातलं त म्हणतेत दुसरीकडं असन. माह्या मांगं तुळसा हाय. माहं झालं नाही त तिचंबी होणार नाही, हे तुले समजते का नाही?

तुह्यानं नाही होत त सांग. मी माहं पाहून घेईन.

शकुन

•

भंडारा, ता. ७ डिसेंबर १९७१

बाई,

तुह्या चिठ्ठीले उत्तर देल्लं नाही, मले लाज वाटत होती. आता लिवाचं कारण वेगळं हाय.

मांगच्या शुक्रवारपासून लढाई लागली ते रेडिओवर ऐकलंच असन. इथं दिवे बंद, खिडक्यायले काळा कागद. कॉलेजच्या ग्राऊंडवर लपाचे खंदक खोदून टाकले, गोलपोस्टबी उपडून ठेवले. फायनल रद्दच होणार होती. पण भय्याजी म्हणाले, जवानायच्या फंडासाठी तिकीट लावून खेळू, दिवसाउजेडी. ग्राऊंड कोणाच्या गावात हाय? तर मी आपल्या एकोडीचा आखर सांगतला. ढोरं उभे राहातेत तेवढी जागा सपाट हाय, रस्ताबी जवळ हाय. बाबाले सरपंचाची चिठ्ठी गेली, ते हो म्हणाले. रविवारी, १२ तारखेले मॅच. दोन्ही टीमायचं जेवण आपल्या अंगणात.

आन माहं नशीब पाहा. एनसीसीच्या पोट्ट्यायले वैनगंगेच्या पुलावर पहाऱ्याले लावलं हाय, होमगार्डसंग. माही ड्यूटी रविवारीच हाय. सुट्टी मांगितली त हवालदार म्हणे, देशाले पूल पायजे का गोल पायजे? म्हणजे श्याम आपल्या गावात येणार आन मी तिथं नसीन.

तो पाहुणा म्हून येऊन राहिला, हे ध्यानात ठेव. गावाचं नाव खराब होईन असं काही करू नको.

जागेश्वर

•

एकोडी, ता. १४ डिसेंबर १९७१

जागेश्वर,

पहिले हारल्याचं सांगते, मंग बाकीचं. तुमची टीम तीन-दोननं हारली आन ते माह्यामुळं हारली. आता बस खाली आन वाच.

शनिवारी आखरावर गोलपोस्ट गाडले, चुना टाकला. मी विचारलं, तुमसरवाले कोणत्या बाजूले राहातीन? त पोट्टे म्हणे, बोडीच्या अंगाले, त्यायची बसायची जागा तिथंच हाय. मंग काय. दिवस बुडता बुडता सारे चहाले गेले, मी बोडीचा पाट फोडून पाणी त्या गोलासमोर सोडलं. चांगलं मुरू देल्लं. वरून कोरडी माती आन शेणखताचा भुसा पसरला. सकाळी पाहिलं त वरून पापड, खालून लोणी. धानाचा परहा लावाच्या बांधीतल्या चिखलात कसा पाय जाते, तसाच पाय जाईन असं केलं.

सारं गाव जमलं होतं. साकोलीवरूनबी लोक आले. शिट्टी वाजली आन श्यामराव बरोबर माह्या गोलात येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, हातात मोजे. पहिला बॉल आला, त्यानं उडी माराले पाय रोवला आन पायच सरकला. असा पडला का गावातली लहान-मोठी सारी माणसं हासली. दुसऱ्या बॉलले दोन्ही पाय वर. दोन गोल. मी धानाच्या तनसीच्या ढिगामांगं बायायमंधी उभी होती, मले वाटलं नाचावं. रुखमिणी काकू म्हणे, काय वो, आज एवढी खुश? मी म्हणलं, जवानायसाठी.

मंग शिट्टी वाजली. पोट्ट्यायनं गूळ-पाणी पेलं आन काय पाह्यते, सारे उलटे उभे राहिले. श्यामराव तिकडच्या कोरड्या गोलात आन तुमचा गोलकीपर सुखराम माह्या चिखलात. आगा बापा, अर्ध्यात गोल बदलते हे मले कोण सांगणार होतं? मले वाटलं, ज्याचा गोल त्याचा. आपल्या वावराचं राखण आपणच करते का नाही, दुसऱ्याच्या वावरात जाऊन कोण बसते? तोवर त्या जागेचा पुरा रेंदा झाला होता. सुखराम बिचारा म्हशीसारखा लोळला. तीन गोल गेले. कप तुमसरवाल्यायनं नेला, आन त्याच श्यामरावले खांद्यावर घेऊन आखरभर फिरवलं. त्याच्या सदऱ्यावर माहा चिखल होता आन लोक टाळ्या वाजवत होते.

मी तनसीचा ढीग सोडून सरळ घरी आली.

जेवण आपल्या अंगणात होतं. नवा भात, वरण, वांग्याची भाजी. दोन्ही टीमा आमनेसामने बसल्या, मधात गावातले मोठे लोक. वाढाले आम्ही पोरी. मी आत गेली, पोलक्याच्या बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या आन दोरीनं बांधल्या. वरणाची बादली घेऊन बाहेर आली. मायनं पाहिलं, तिचा हात तोंडावर गेला. मी एकेक पान वाढत गेली. थंडी होती, अंगावर काटा येत होता, पण दोन्ही दंड उघडे. जे पाहात होते त्यायले नीट पाहू देल्लं. सरपंचाच्या पानाजवळ त मी मुद्दाम हळू झाली.

श्यामरावच्या पानाजवळ आली आन थांबली. वाढलंच नाही.

तुले माहीत हाय, एका पानावर वाढलं नाही तोवर पंगत हात लावत नाही. तीसेक पोट्टे, सकाळपासून धावलेले, समोर वाफ निघून राहिली आन हात आखडून बसलेले. सरपंच म्हणे, वाढ न वो. बाबा म्हणे, शकुन, वाढ. मी म्हणलं,

"यायच्या घरून सांगतलं का माह्या डाव्या दंडावर कोड हाय. माहा दंड हा हाय. कुठं हाय ते बोट ठेवून दाखव, मंग वाढते."

 श्यामराव खाली पानाकडं पाहात होता. मी उभीच. भात थंडा होऊन राहिला. मंग त्यायच्याच टीमातला कप्तान, ज्यानं त्याले खांद्यावर घेतलं होतं, तो म्हणे, "बोल ना बे श्याम. नाही त नाही म्हण, भूक लागली हाय." श्यामराव उठला. पान ओलांडून, चपला हातात घेऊन रस्त्यावर गेला आन बसमंधी जाऊन बसला. मी बाकीच्यायले म्हणलं, जेवा. त्यायनं पोटभर खाल्लं.

बाबा रात्री, पोळ्यानंतर पहिल्या वेळी, आपणहून माह्यासंग बोलले. म्हणे, हाताले थंडी लागली असन, शेकून घे.

शकुन

•

भंडारा, ता. २१ डिसेंबर १९७१

बाई,

माही टीम तू हरवली. सुखरामच्या कमरेत चमक भरली, तो अजून वाकून चालते आन मले विचारते, तुमच्या गावचा आखर असा कसा गा? मी काय सांगू? साताठ मॅच खेळून फायनलले आलो आन सख्ख्या बहिणीनं चिखलात घातलं. दोन दिवस तुले शिव्या देल्ल्या. तिसऱ्या दिवशी पंगतीचं पुन्हा वाचलं आन हासू आलं. जे मले बुटानं जमलं नाही ते तू बादलीनं केलं.

लढाई संपली, दिवे लागले. आता नवीन ऐक. तुमसरच्या टीमातल्या पोट्ट्यायनं पंगतीची गोष्ट साऱ्या भागात सांगतली. ते फॅक्टरीच्या बसमंधी चढली आन जवाहरनगरच्या त्या क्वार्टरात उतरली. पोरीची माय म्हणे, जे लोक एका पोरीवर खोटा कोड काढतेत ते आमच्या पोरीवर उद्या काय काढतीन? लगनाची गोष्ट तुटली.

काल श्याम होस्टेलात आला. खाटेवर बसला आन रडला, बाई. खोटं मामानं रचलं, बाप हो म्हणला, आपण चुप राहिलो, असं सारं कबूल केलं. म्हणे, शकुनसारखी पोरगी पुन्हा भेटणार नाही, तिचं मन वळव. बापाले पाठवतो म्हणते. बाबाच्या कानावरबी गोष्ट गेली हाय, माय त तयारच असन. पोट्टा मनानं खराब नाही. भित्रा होता. मी त्याले काय सांगू ते लिही.

जागेश्वर

•

एकोडी, ता. २७ डिसेंबर १९७१

जागेश्वर,

त्याच्या बापाले पाठवाची गरज नाही. त्याले एवढंच सांग. ज्या मोहाडीच्या बाजारातून माहा कोड निघाला, त्याच बाजारात, बाजाराच्या दिवशी, त्यानं उभं राहून मोठ्यानं सांगावं का एकोडीच्या केशवरावच्या पोरीले काही नाही, आमी खोटं बोललो. मामा बाजूले उभा पायजे. त्याची माय कासाराजवळ उभी पायजे. तू संग जा आन आपल्या कानानं ऐक. हळू बोलला त पुन्हा बोलाले लाव.

दुसरं काही सांगू नको.

शकुन

•

भंडारा, ता. १० जानेवारी १९७२

बाई,

झालं. तुह्या मनासारखं झालं.

मी सकाळीच मोहाडीले गेलो. श्याम नवा शर्ट घालून आला होता, तोंड उतरलेलं. मामा चार वेळा म्हणे का घरात बसून सांगतो, मी म्हणलं नाही. धानाचे व्यापारी बसतेत तिथं वजनाच्या काट्याजवळ श्याम उभा राहिला. पहिल्या वेळी आवाजच निघाला नाही. दुसऱ्या वेळी असा बोलला का भाजीवाल्या बायायनं माना वर केल्या. तुहं नाव, बाबाचं नाव, गावाचं नाव, सारं घेतलं. आमी खोटं बोललो, म्हणला. कोणीतरी मांगून विचारलं, काहून बोलले? त त्यानं तेबी सांगतलं, नोकरीच्या लालचीनं. मामाची मान खाली. त्याच्या मायनं पदर तोंडावर घेतला आन कासार तिच्याकडं टकमका पाहात राहिला. साकोलीकडचे, लाखनीकडचे लोक होते बाजारात. आता ते गोष्ट घरोघरी जाईन.

परत येताना श्याम म्हणे, आता त झालं न? मी म्हणलं, झालं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाई, मले त्याची कीव आली, लपवत नाही. बाबालेबी कळवलं हाय. फागुनात चांगली तारीख निघते म्हणतेत, श्यामचा बाप पुढच्या आठवड्यात बोलणी कराले येणार. आता राग थुकून टाक. मी फागुनात दहा दिवसाची सुट्टी काढतो.

जागेश्वर

•

एकोडी, ता. १७ जानेवारी १९७२

जागेश्वर,

तुही चिठ्ठी मायले वाचून दाखवली. तिनं देवाजवळ साखर ठेवली आन माह्या तोंडात घातली. मी खाल्ली. बाजाराची साखर समजून खाल्ली, लगनाची नाही.

मंग बाबाजवळ बसून सांगतलं, श्यामरावच्या बापाले येऊ देऊ नका. बाबा म्हणे, तूच त अट घातली होती. मी विचारलं, अट कोणती? त्यानं खरं बोलावं असं मी म्हणलं. बोलल्यावर त्याच्या घरी नांदाले जाईन असं कधी म्हणलं? ते तू समजला, त्यानं समजलं, बाबानं समजलं. मले कोणी विचारलंच नाही. तुले दुसरं काही सांगू नको म्हणलं होतं, त मनानंच फागुन काढून आला.

माय रडली. म्हणे, पोट्टा सुधरला हाय. मी तिले म्हणलं, मामा त्याच्या नावानं खोटं बोलत होता तेव्हा तो आपल्या घरी खाली मान घालून बसला होता. पंगतीत भात थंडा होत होता तेव्हाबी खालीच पाहात होता. बाजारात बोलला कारण जवाहरनगरवाल्यायनं दार लावलं. उद्या त्याच्या मायनं माह्यावर दुसरं काही काढलं त तो कुठं पाहीन? बाबा म्हणे, ठीक हाय. आज त्यायनं आपल्या हातानं मोहाडीले निरोप पाठवला.

लाखनीचे तेच पाहुणे पुन्हा येऊन राहिले. मले नाही, तुळसाले पाहाले. येऊ दे. तिचं होऊन जाऊ दे. माहंबी होईन, नाही झालं तरी माह्या हाताकडं कोणी पाहात नाही आता.

बाबाले सांगतलं ते खरं हाय, पण तेवढंच नाही, तुले म्हून लिवते. एकोडीच्या पोरीनं अट पुरी झाल्यावरबी नाही म्हणलं, हे आता सारीकडं जाईन. लोक विचारतीन, अशी काय खोट दिसली त्या पोट्ट्यात? मिरगी येते का? दुसरं काही हाय का? बाया इथं विचारूबी लागल्या. कालच रुखमिणी काकू बोडीवर माह्याजवळ सरकून म्हणे, खरं सांग वो शकुन, काय समजलं तुले? मी घागर भरली आन घरी आली.

मी खोटं एक अक्षर बोलणार नाही. खरंबी बोलणार नाही. कोणी विचारलं त खाली पाहीन. तुलेबी कोणी विचारलं त तू काही सांगू नको, लोकायले जे समजाचं ते समजू दे.

तुही बाई,
शकुन